अंगाला काय चालत नाही, ते आधी सांगा

सिंदेवाहीकडे मार्च-एप्रिलात उजाडायच्या आत मोहफुलं वेचायला निघावं लागतं. अस्वलही त्याच वेळी मोहाखाली येतं आणि दचकलं की थेट तोंडावर धावतं. आमच्या आईवर असंच एक अस्वल धावून आलं. चंद्रपूरला तिच्या जखमा शिवल्या, नागपूरला गालाचं मोडलेलं हाड टायटॅनियमच्या पट्ट्या लावून जोडलं. त्या गडबडीत तिला कशाची ॲलर्जी आहे, हे विचारायला सवड कुणाला होती?

जखमा भरल्या, पण गाल खोल गेलेलाच राहिला. तिथे सच्छिद्र पॉलिथिलीनचं इम्प्लांट बसवून गाल भरता येईल, असं प्लॅस्टिक सर्जनांनी सांगितलं. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "मले तं खोटं डोरलं चालत नाही, गालात हे कसं चालन वो?"

मी ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. मग एकेक गोष्ट निघत गेली. खोट्या दागिन्यांनी मानेवर चट्टे उठतात, चिकटपट्टीने कातडी लाल होते, आणि लहानपणी बिबा उतला होता. बिब्याचा इम्प्लांटशी संबंध नाही, पण बाकीच्या दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत, असं म्हणून त्यांनी आम्हाला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथे पॅच टेस्ट करायचं ठरलं, पण थंडीत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात घामाने पाठीवरच्या पट्ट्या टिकत नाहीत. या तपासणीत निकेल, कोबाल्ट, क्रोमियम, राळ असे पदार्थ थोडे-थोडे पाठीवर चिकटवतात. ४८ तासांनी पट्ट्या काढून कातडी बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात, कारण ही ॲलर्जी सावकाश उठते. तोवर पाठ भिजवायची नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगायचं, नाहीतर निकाल चुकतो.

आईच्या पाठीवर निकेल आणि राळ, दोन्ही उठले. खोट्या दागिन्यांत निकेल असतं आणि काही चिकटपट्ट्यांत राळ, म्हणजे तिचं म्हणणं खरं निघालं. मग सर्जनांनी समजावलं: शस्त्रक्रियेत वापरतात त्या स्टीलमध्येही निकेल असतं, म्हणून इम्प्लांट धरून ठेवणारे स्क्रू टायटॅनियमचेच घेऊ. टायटॅनियमची ॲलर्जी क्वचितच आढळते. ती ओळखायला पॅच टेस्ट फारशी भरवशाची नसते. पण गालातल्या जुन्या पट्ट्यांनी आईला काहीच त्रास दिला नव्हता, आणि तो पुरावा त्यांना पुरेसा वाटला. हे सगळं ऐकूनही धास्ती जात नसेल तर बरगडीची कूर्चा किंवा अंगातलीच चरबी वापरता येते, हेही त्यांनी सांगितलं. त्यात एक जखम वाढते आणि भरलेलं काही अंशी विरघळू शकतं. आईने इम्प्लांटच निवडलं.

शस्त्रक्रियेनंतर राळेची पट्टी कुणी लावली नाही, कारण केसपेपरवर तसं ठळक लिहिलं होतं. गालाने काही त्रास दिला नाही.

तेव्हा घरात कुणाला इम्प्लांट बसवायचं असेल, मग ते नाकाचं असो, दाताचं असो की छातीचं, तर दागिने, टिकली, केसांचा रंग, मलम, रबरी हातमोजे, औषधं यांपैकी अंगावर काय-काय उठलं ते कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना विचारा, आत नेमकं काय बसणार आहे. बसवलेल्या वस्तूचं कार्ड किंवा स्टिकर मागून घ्या आणि रेशनकार्डासोबत जपून ठेवा.