मिशीवाला देव, पदर घेतलेली देवी

चंदीगडला गेलात तर रॉक गार्डन आणि सुखना तलाव तुम्ही बघणारच. पण एक दुपार सेक्टर 10 मधल्या सरकारी संग्रहालयासाठी राखून ठेवा. इथे गांधार शैलीची सहाशेहून अधिक शिल्पं आहेत. फाळणीनंतर लाहोर संग्रहालयातल्या वस्तूंचीही वाटणी झाली, 60 टक्के पाकिस्तानला आणि 40 टक्के भारताला. आपल्या वाट्याच्या मूर्ती अमृतसर, सिमला, पतियाळा अशी बिऱ्हाडं बदलत आल्या आणि 1968 साली उघडलेल्या या इमारतीत स्थिरावल्या.

इथल्या बोधिसत्त्वांचे चेहरे जरा जवळून बघा. त्यांना चक्क मिशी आहे! गळ्यात भरगच्च दागिने, पायात चपला, थाट एखाद्या राजपुत्राचा. करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, तोही गांधारमध्ये असाच घडवत. हा चेहरा लक्षात ठेवा, कारण पुढे तो तुम्हाला ओळखू येणार नाही.

गांधार म्हणजे आजच्या पेशावरच्या आसपासचा मुलूख. चीनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटा इथून निघत आणि त्या वाटांनी अवलोकितेश्वरही चीनला पोहोचला. तिथे त्याचं नाव झालं ग्वानयिन, म्हणजे जगाची हाक ऐकणारा. 406 साली कुमारजीवाने ‘सद्धर्मपुंडरीक सूत्रा’चं चिनी भाषांतर केलं. आगीत, पुरात, बुडत्या जहाजात याचं नाव घ्या, तो सोडवेल, असं आश्वासन त्या ग्रंथात आहे.

आणि लोकांनी ते अगदी मनावर घेतलं होतं. शाळेच्या पुस्तकात फा-हियान एका ओळीत संपतो, पण त्याच्या परतीच्या प्रवासाची हकिगत वाचण्यासारखी आहे. श्रीलंकेहून निघालेलं त्याचं जहाज वादळात सापडलं, तळातून पाणी शिरू लागलं. व्यापारी घाबरून सामान समुद्रात टाकू लागले. फा-हियाननेही आपला तांब्या नि भांडं फेकून दिलं. पण त्याचा जीव अडकला होता तो भारतातून जमवलेल्या पोथ्यांत. त्याही हे लोक फेकतील या भीतीने त्याने ग्वानयिनचा धावा केला. पोथ्या वाचल्या, तोही वाचला.

पुढच्या काही शतकांत मात्र नवलच घडलं. साधारण सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे 960 नंतर, ग्वानयिन बाई झाली. शुभ्र वस्त्रं, डोक्यावरून पदर, कधी कडेवर बाळ. याचं एकच एक कारण सांगता येत नाही. भक्ताला गरज असेल ते रूप हा बोधिसत्त्व घेतो, असं त्या सूत्रातच म्हटलंय, आणि मूल हवं असलेल्या बायकाही त्यालाच साकडं घालत. मला विचाराल तर त्या बायकांनीच देवाला आपल्यासारखं करून घेतलं असणार. आज चीनच्या हायनान बेटावर समुद्रात तिची 108 मीटर उंच मूर्ती उभी आहे. आणि तुमच्या घरी कॅननचा कॅमेरा असेल, तर ती तुमच्या कपाटातही आहे! जपानीत तिला क्वानोन म्हणतात. त्या कंपनीच्या 1934 च्या पहिल्यावहिल्या कॅमेऱ्याचं नाव तेच होतं.

आता महाराष्ट्रात या. आपल्याकडे हा बोधिसत्त्व पुरुषच राहिला. औरंगाबादच्या 7 क्रमांकाच्या लेण्यात तो मध्ये उभा आहे आणि दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरली आहेत: आग, चोर, सिंह, साप, हत्ती... त्यांत एक बुडणारं जहाजसुद्धा. मुंबईत कान्हेरीच्या 41 क्रमांकाच्या लेण्यात तर तो अकरा तोंडांचा आहे.

आणि त्याच मुंबईत, माझगावला, ग्वानयिनही आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर 1919 सालचं ‘सी यप कून’ हे चिनी मंदिर आहे. ‘सी यप’ म्हणजे चार परगणे. ग्वांगडोंग प्रांतातल्या चार परगण्यांतून आलेल्या लोकांनी, खलाशांनी, ते उभारलं. वरच्या मजल्यावर लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा सेनापती ग्वान यू, खाली ही करुणेची देवी. भारतातून गेलेला बोधिसत्त्व शेकडो वर्षांनी पदर घेऊन बंदरावर उतरला आणि कान्हेरीतल्या आपल्याच जुन्या रूपाच्या शेजारी राहायला आला.

देवी आली, भक्त मात्र पांगले. 1962 च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे 3000 चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. ते बहुतेक आसाम-बंगालकडचे. पण संशयाची झळ मुंबईलाही लागली आणि इथलीही बरीच कुटुंबं परदेशी गेली. उरलेल्या मोजक्या घरांनी देवाची दिवाबत्ती चालू ठेवली. चिनी नववर्षाला इथे आजही उदबत्त्यांचा धूर दाटतो. एरवी मंदिर शांत असतं. बांबूच्या नळकांड्यात नंबर घातलेल्या काड्या ठेवलेल्या असतात. मनात प्रश्न धरून नळकांडं हलवायचं, जी काडी बाहेर पडेल तिच्या नंबराचं भविष्य वाचायचं. आपल्याकडच्या कौल लावण्यासारखंच!

जायचं ठरवलंत तर सकाळी कान्हेरी, दुपारी माझगाव असा बेत करा. फक्त सोमवार टाळा, कान्हेरी त्या दिवशी बंद असते. चंदीगडचं संग्रहालयही.