आधी वीज नको

देवळ्यात चाळीतला कांदा वरून टणक दिसला म्हणून कुणी फसत नाही. सड आतून सुरू होते. भाच्याने सुतारकामासाठी जुना सीएनसी राउटर घेतला, चार वर्षं ताडपत्रीखाली पडलेला, तेव्हा हेच आठवलं. सगळी बचत त्यात घातलेली, त्यामुळे पोराला स्विच दाबायची घाई. म्हटलं, थांब रे, आधी वीज नको.

पहिला दिवस बघण्यातच गेला. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या. रेल्सवरचं ग्रीस मेणासारखं झालेलं, ते पुसून नवं भरलं. तिन्ही अक्ष हातानं सरकवले, स्पिंडल फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकला.

खरी भीती ड्राइव्हची. त्यातले कपॅसिटर वर्षानुवर्षं विजेशिवाय राहिले की आतला ऑक्साइडचा थर कमकुवत होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर फुटूही शकतात. म्हणून ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने व्हेरिॲक लावून ते काही तासांत हळूहळू चढवलं. मग इमर्जन्सी बटण आणि लिमिट स्विच तपासले, स्पिंडल बराच वेळ कमी वेगावर चालू ठेवला.

तिसऱ्या दिवशी प्लायवुडवर साधा चौकोन कापला. भाच्याने दोन्ही कर्ण दोनदा मोजले. सारखे! पहिली ऑर्डर घरचीच आहे, आजीच्या देव्हाऱ्याची.