बोल्ट हातानं बसला पाहिजे

खंबाटकी घाटाच्या अलीकडे आमचं कमानीचं गॅरेज. गेल्या उन्हाळ्यात एक दहाचाकी ट्रक आला. चालक म्हणाला, "मिस्त्री, चढाला क्लच सोडला की मागून कट् वाजतं, आणि गाडी टायर खाते." टायर नवे होते. तळवा आतून बाहेर फिरवला तर गुळगुळीत, बाहेरून आत आणला तर करवतीसारखा अडला.

टॉर्क रॉड महिन्याभरापूर्वीच दुसरीकडे बदललेले. गाडीखाली शिरून टॉमीनं बुश हलवून पाहिले, तर रबर शाबूत. पण एका बोल्टचं डोकं हातोड्याच्या घावांनी चेपलेलं होतं.

इंजिनाचा जोर चाक पुढे फिरवतो, तेव्हा ॲक्सलच्या हाउसिंगला उलटा पीळ बसतो. सहाचाकीत तो पीळ कमानीचे पाटे सोसतात. जोर फार झाला की पाटा एसच्या आकारात वाकतो, डिफरेन्शियलचं तोंड वर उचलतं आणि चाक घसरलं की पीळ एकदम सुटून मागचा भाग थडथडतो. अमेरिकेत पिकअपवाले याचसाठी पाट्यांच्या जोडीला ट्रॅक्शन बार लावतात. आमच्याकडच्या बहुतेक दहाचाकींत कमानीची टोकं ॲक्सलवर नुसती टेकलेली असतात, पुढेमागे सरकतात. ॲक्सलला जागेवर धरतात ते रॉडच.

म्हणून इथं मिलिमीटरला किंमत आहे. दोन बाजूंच्या रॉडमध्ये एक मीटर अंतर धरा. एक बाजू 3 मिलिमीटर पुढे राहिली, तर तो ॲक्सल दर किलोमीटरला 3 मीटर आडवा जायला बघतो. शेजारचा ॲक्सल सरळ असतो, तो त्याला जाऊ देत नाही. या ओढाताणीत रबर झिजतं आणि वर डिझेलही जास्त जळतं.

मापाची घाई मला खपत नाही. गाडी रिकामी हवी, फरशी सपाट, दोन्ही बाजूंची हवा सारखी. सरळ रेषेत पुढे आणून ब्रेक न दाबता अलगद थांबवायची, चाकांना ओंडके लावायचे, मगच हँडब्रेक सोडायचा. यू-बोल्ट आधी तपासायचे. ते ढिले असतील तर पुढची सगळी मापं फुकट. मग ओळंबा सोडून फरशीवर खडूच्या खुणा करायच्या. पहिला मागचा ॲक्सल चासीशी काटकोनात आणायचा, त्याची मापं कर्णानं पडताळायची, आणि दुसरा या पहिल्याशी जुळवायचा. दुसरा आधी जुळवणारे मी पाहिलेत. त्यांना सगळं दोनदा करावं लागतं.

या गाडीची उजवी बाजू 3 मिलिमीटर पुढे निघाली. चेपलेला बोल्ट काढला, ॲक्सल खुणेवर आणला, तर रॉडचं भोक ब्रॅकेटच्या भोकासमोर येईना. आखूड रॉड घाव घालून बसवला होता. रबर कायम ताणाखाली, म्हणून तो कट् आवाज.

रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे. दीड मिलिमीटरचे आटे असतील तर एका फेऱ्यात लांबी 3 मिलिमीटरनं बदलते. मी एक फेरा दिला, भोकं समोरासमोर आली आणि नवा बोल्ट दोन बोटांनी आत सरकला. बोल्टला हातोडा लागला, की रॉडची लांबी चुकली असं मी पोरांना शिकवतो. नट शेवटी कसायचे, तेही गाडी चाकांवर उभी असताना. ॲक्सल लोंबकळत असताना कसले तर रबर पिळलेलंच राहतं.

चेकनट टॉर्क पान्यानं कसून त्यावर आणि रॉडवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. नट फिरला तर ती रेघ तुटते, हे चालकाला खाली वाकवून दाखवलं.