मारिओचे धाकटे भावंड

थोरल्याची कीर्ती मोठी असली, की धाकट्याचे हाल होतात. आमच्या खामगावात मुलगा मिशा पिळू लागला, तरी ‘अमक्याचा धाकटा’ हीच त्याची ओळख! टीव्हीला जोडून खेळायच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ या खेळाचेही तसेच झाले.

थोरला खेळ १९८५ चा. १९८६ मध्ये जपानात त्याचा दुसरा भाग निघाला. पण तो महाकठीण. म्हणून अमेरिकेसाठी १९८७ च्या ‘डोकी डोकी पॅनिक’ या निराळ्याच खेळात मारिओला बसवून १९८८ मध्ये वेगळा दुसरा भाग काढला. म्हणजे अंगरखा दुसऱ्याचा! शत्रूच्या डोक्यावर उडी मारली, तर तो मरत नाही. आपणच त्याच्यावर स्वार होतो. जुन्या खेळाडूचा हिरमोड होणारच. शेवटी सारे स्वप्न ठरते, हेही मला रुचले नाही.

पण मुळा उपटावा तशी जमिनीतून भाजी उपटून शत्रूवर भिरकवायची, ही मौज काही औरच. भाजीचा तिटकारा असलेल्या बेडूकराजाला तोंडात भाज्या कोंबूनच हरवायचे, हे तर आमच्या सौभाग्यवतींना फारच पटले!

आणि राजकन्या? पहिल्या भागात ती कैदेत वाट पाहत बसते. इथे चौघांतून एक खेळाडू निवडायचा, त्यांत तीही आहे. उडी मारली की क्षणभर हवेत तरंगते. आमच्या पुतणीने, घरातल्या शेंडेफळाने, तिलाच निवडले. म्हणाली, “काका, हिला सोडवायला कुणी यायला नको!”

थोरल्यासारखे नसणे हा दोष असेलही. पण थोरल्याने बंद ठेवलेले दार धाकट्याने उघडले, हे विसरून कसे चालेल?