अंथरूण पाहून

हलकी स्प्रिंग लावली की व्यायाम सोपा व्हायला हवा. तो होत नाही. ही गोष्ट माझ्या पायांना कळली आहे, डोक्याला अजून पटत नाही.

रिफॉर्मर म्हणजे दिसायला एक लांबट, बुटकी खाट. चौकटीच्या आत रुळांवर मागेपुढे सरकणारी गादी, गादीला खालून अडकवलेल्या स्प्रिंगा, पायाशी एक दांडा आणि डोक्याकडच्या कप्प्यांवरून आलेले दोन पट्टे. आमच्या इथल्या यंत्रावर लाल स्प्रिंग जड, निळी हलकी, पिवळी त्याहून हलकी. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर रंगांचा हिशेब वेगळा असतो म्हणे. उताणं झोपून, दांड्याला तळवे लावून गादी ढकलायची असते तोवर सगळं सरळ आहे: स्प्रिंगा जास्त, मेहनत जास्त. पण तेच पाय पट्ट्यांत अडकवून हवेत गोल फिरवायचे म्हटले की गणित उलटतं. तिथे स्प्रिंग पायांचा भार तोलून धरत असते. एक स्प्रिंग कमी केली की पाय एकदम आपले स्वतःचे होतात, म्हणजे भलतेच जड होतात. कंबर गादी सोडते, पोट थरथरायला लागतं. शिकवणारी मुलगी वाकून खट्कन एक स्प्रिंग सोडवते आणि म्हणते, "काकू, आता थोडं अवघड करू या." आणि मग लगेच, "पाय लांब. अजून लांब. जागा आहे अजून."

जागा आहे हे मलाही दिसतं. पाय जात नाहीत.

अंथरूण पाहून पाय पसरावेत. पट्ट्यांत पाय अडकवून छताकडे बघत पडलेल्या बाईला ही म्हण आठवणारच, त्यात विशेष काही नाही. पण ती आठवली आणि मग सोडून जाईना. आमच्या घरात ती उठता-बसता निघायची. दिवाळीच्या कापडखरेदीत, सहलीचे पैसे मागितले की, मावशीकडे फ्रीज आला तेव्हा. एक मात्र आता लक्षात येतं: ज्याचं अंथरूण ऐसपैस आहे त्याला ही म्हण कोणी ऐकवत नाही, आणि तोही स्वतःला ऐकवत नाही. ती नेहमी अंथरूण घालणाऱ्याच्या तोंडून येते आणि त्यावर झोपणाऱ्याच्या कानावर पडते. शिवाय तिच्यात एक गोष्ट आधीच ठरून गेलेली असते: अंथरूण आहे तेवढंच राहणार, कमीजास्त व्हायचं ते पायांनी. खरं तर उलट आहे. पायांची लांबी वयात आल्यावर कायमची ठरते. अंथरुणाला जोड देता येते.

आणि गंमत म्हणजे आमच्या घरात ही म्हण सर्वांत जास्त वेळा म्हणणारी आजीच तशी जोड द्यायची. गोधडी अपुरी पडायला लागली की जुन्या नऊवारीचा काठाकडचा भाग फाडून, त्याचे पदर एकावर एक घालून ती पायाकडच्या बाजूला पट्टी जोडायची. पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा, कडेपासून आत आत येणारा, चौकोनात चौकोन. ती पट्टी मूळ गोधडीपेक्षा नवी, जरा ताठ आणि वेगळ्या रंगाची असायची. पाय तिथवर पोचले की टाचांना कळायचं. म्हणजे तोंडाने पाय आखडायला सांगणारी बाई हाताने अंथरूण वाढवत होती. तिला यात विसंगती वाटली असेल असं नाही. म्हण मुलांसाठी होती, सुई तिच्यासाठी.

आई मात्र नुसतं ऐकून शिकली. ती आता माझ्याकडेच असते. तिच्या खोलीत डबल बेड आहे, सहा फुटांहून लांब, आणि त्यावर ती एकटी झोपते. झोपते कशी? अगदी कडेला, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. उरलेला बेड इस्त्री केल्यासारखा तसाच. सकाळी चादर एका बाजूनेच चुरगळलेली असते. एकदा म्हटलं, "अगं, पसर की जरा." तर म्हणाली, "कशाला? मला असंच बरं वाटतं." आणि माझ्या नव्या व्यायामाची माहिती, फीच्या आकड्यासकट, ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, "म्हणजे आडवं व्हायला पैसे देतेस?"

तिची शंका रास्त आहे. वडील रोज पहाटे सूर्यनमस्कार घालायचे, तेही उघड्या शहाबादी फरशीवर. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा जो ध्यास घेतला होता, त्याच्या गोष्टी ते अभिमानाने सांगत. त्यांच्या लेखी व्यायाम म्हणजे जमीन आणि आपण. मध्ये काही आलं की तो व्यायाम राहिला नाही. दोरी, गादी, स्प्रिंग हे सगळं आजाऱ्यांसाठी.

यात त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही, कारण हे यंत्र खरोखरच आजाऱ्यांच्या खाटेवरून आलं असं सांगतात. ते घडवणारा योझेफ पिलाटेस 1883 साली जर्मनीत जन्मला. लहानपणी दमा, मुडदूस अशा दुखण्यांनी बेजार. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो इंग्लंडमध्ये होता आणि शत्रुदेशाचा माणूस म्हणून ब्रिटिशांनी त्याला स्थानबद्ध केलं. आयल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकालो छावणीत हजारो माणसं डांबलेली होती. तिथे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या खाटांना त्याने स्प्रिंगा बांधल्या आणि पडल्या पडल्या हातपाय चालवायला लावले, अशी ती कथा. कथा किती खरी आणि किती नंतर रंगवलेली, हा भाग सोडा. मला तिच्यातला माणूस सोडवत नाही: छावणीबाहेर जाता येत नाही, खाटेवरून उठता येत नाही, आणि कोणी तरी येऊन सांगतो की पाय लांब कर.

आमच्या पुण्यातही असा एक माणूस होऊन गेलाच की. बी. के. एस. अय्यंगार. 1918 सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत जन्म, पुढे मलेरिया, विषमज्वर, क्षय. तेही किडकिडीत, दुखणाईत पोर, आणि तेही पुढे आधाराची साधनं घेऊन बसले: भिंतीतल्या दोऱ्या, पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या, लोड. ज्याचं शरीर जन्मतः साथ देतं त्याला फरशी पुरते. ज्याचं देत नाही त्याला दोरी सुचते. पंचाहत्तर साली त्यांची संस्था उभी राहिली तेव्हा आम्ही सांगलीत होतो, आणि पुण्यात कोणी भिंतीला लटकून योगासनं करतं हे ऐकून वडील पोट धरून हसले होते.

आता इथवर आल्यावर मला म्हणायचं होतं की म्हण मोडीत काढावी. आधार घ्यावा, अंथरूण वाढवावं, पाय पसरावेत. पण यंत्र तसं म्हणू देत नाही. पाय लांब करणं हा अर्धाच भाग. ताणलेली स्प्रिंग गादीला मागे खेचत असते, जितकी ताणावी तितकी जोराने, आणि खरी मेहनत परत येताना आहे. सावकाश, तिला खेचू न देता, गादी आपटू न देता. आपटली की सगळ्या खोलीला ऐकू जातं. पिलाटेसने स्वतः आपल्या पद्धतीला कंट्रोलॉजी असं नाव दिलं होतं. त्याचं आडनाव तिला लोकांनी चिकटवलं. म्हणजे पसरायला शिकवणारा हा माणूस मुळात ताब्याचाच पुरस्कर्ता. कडेला गुडघे मुडपून झोपणाऱ्या माझ्या आईशी त्याचं माझ्यापेक्षा जास्त जमलं असतं असं मला मधूनच वाटतं. सगळा संसार तिने गादी आपटू न देता केला.

तरी पाय का जात नाहीत हा प्रश्न राहतोच. शिकवणाऱ्या मुलीचं उत्तर तयार आहे: मांडीमागचे स्नायू आखडलेत, बँकेतली खुर्ची, इतकी वर्षं. मला ते फार पटापट मिळालेलं उत्तर वाटतं. मला गोधडी दिसते. एका रांगेत आम्ही तिघं, भावाचे पाय बाहेर, माझे आत. भाऊ आजही आडवातिडवा झोपतो, त्याला कोणी ती म्हण ऐकवली नव्हती की ऐकवूनही त्याने ऐकली नव्हती, कोण जाणे. मुलगा होता म्हणून, असं म्हणून मी हा विषय जवळजवळ मिटवला होता.

मग बहिणीशी फोनवर बोलले. ती ठाण्याला असते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाय आखडून कोण, तू? अगं, तू रात्रभर लाथा मारायचीस. मी भिंतीला चिकटून झोपायचे."

आईला विचारलं तर ती पेपर बाजूला न करता म्हणाली, "दोघीही मारायच्यात. दादाला मधे घालावं लागायचं." दादा मधे असायचा हे मला अजिबात आठवत नाही. माझ्या आठवणीत तो कायम कडेला आहे, खिडकीकडे, आणि त्याचे पाय गोधडीबाहेर, आजीने जोडलेल्या त्या पट्टीच्याही पलीकडे.