हजेरी आणि हळदीकुंकू

बार काउन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे कायद्याच्या विद्यार्थ्याला प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागते. भोकरहून नांदेडला एसटीने ये-जा करणाऱ्या माझ्यासारखीचा सगळा आठवडा या एका आकड्याभोवती बसवावा लागतो. पन्नास-साठ किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. बसमध्ये जागा मिळाली तर वाचन, नाही तर उभ्यानं मनातल्या मनात कलमं.

कलमंही आता नवी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं 302 आता 103 झालं, फसवणुकीचं 420 गेलं 318 मध्ये. सीनियर मुलींच्या नोट्सवर विसंबायची सोय राहिली नाही.

सत्र सुरू झालं की मी विषयांची यादी आणि हाती आलेल्या लग्नपत्रिका एकाच वहीत उतरवते. उन्हाळी परीक्षा आणि लग्नसराई एकमेकींच्या अंगावर येतात. हिवाळी परीक्षेच्या आसपास माळेगावची यात्रा असते. महालक्ष्म्यांचे तीन दिवस घर सोडता येत नाही, म्हणून त्याआधी हजेरी साठवून ठेवते. हळदीचा कार्यक्रम टाळते, अक्षता टाकायला पोचते. काकूंना राग येतो, पण दोन दिवसांत निवळतो. कुणाच्या घरी मयत झाली तर मात्र वही बघत नाही. तिथं गेलं नाही तर आपण माणसांत राहिलो नाही, असं मला मनापासून वाटतं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवाची बोलावणी मी आधी वेळेचा अपव्यय समजत होते. तिथंच माझ्या अभ्यासाचा क्रम बदलला. वाण घेता घेता एक वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊ सही मागायलेत, हक्कसोड का काय ते. करू का?" मग दुसरीनं विचारलं, मग तिसरीनं. माहेर तुटेल ही भीती सगळ्यांची सारखीच.

त्या आठवड्यात मी करार कायदा बाजूला ठेवला आणि कौटुंबिक कायदा आधी घेतला. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीनं एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणी होऊन झालेली वाटणी मात्र उघडता येत नाही. परीक्षेसाठी पाठ केलेल्या तारखा विसरल्या जातात. वहिनींच्या प्रश्नामुळे वाचलेल्या या तीन आजही तोंडावर आहेत.

मी अजून वकील नाही, सल्ला देत नाही. कायद्यात काय लिहिलंय तेवढं सांगते आणि न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे पाठवते. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आमच्या गल्लीत हे फार थोड्या जणींना ठाऊक होतं.

वाचणाऱ्या प्रत्येक बाईला माझी विनंती आहे: हक्कसोडपत्र समोर आलं तर त्या दिवशी सही करू नका. आधी समितीच्या वकिलाकडून ते वाचून घ्या.