पुढचं वाक्य

डोकं सारखं दुखतं किंवा मोटारसायकलवरून पडून मार लागला म्हणून पिंगळीहून परभणीला, नाहीतर नांदेडला जाऊन सीटी, एमआरआय काढणं आता नवलाचं राहिलेलं नाही. त्यात कधी कधी न शोधलेलंच सापडतं आणि रिपोर्टात ‘लायपोमा’ असा शब्द येतो. घरी पोहोचतं ते एवढंच, की डोक्यात गाठ निघाली. पुढचं वाक्य कुणी ऐकत नाही. माझं म्हणणं असं, की ते वाक्य माणसाच्या हाती मराठीत, कागदावर पडलं पाहिजे: ही चरबी आहे, जन्मापासूनची आहे, कॅन्सर नाही, बहुतेक वेळा हात लावायची गरजही नाही.

हे नुसतं धीर देणं नाही. गर्भात मेंदूभोवती एक कोवळं आवरण असतं. ते विरून तिथे पाण्याची पोकळी व्हायची असते. एखादा तुकडा विरायचा राहतो आणि त्याची चरबी होते. तेल-तूप खाल्ल्यानं ती होत नाही, सोडल्यानं जातही नाही. एमआरआयची फिल्म दारातल्या उजेडात धरली तर एका चित्रात ती पांढरीशुभ्र दिसते आणि चरबी दाबून काढलेल्या चित्रात नेमकी तीच जागा काळी. सीटीवर घनतेच्या मापात पाण्याचा आकडा शून्य, चरबीचा साधारण उणे ५० ते उणे १००. डर्मॉइड नावाच्या गाठीतही चरबी असते, म्हणून निदान रेडिओलॉजिस्टनंच पक्कं करावं. पण पक्कं झाल्यावर मोघम लिहू नये.

मग काढूनच का टाकू नये? दंडावरची चरबीची गाठ सहज सुटून येते, तशी ही येत नाही. रक्तवाहिन्या आणि नसा तिच्या पोटातून जातात, ती मेंदूला घट्ट चिकटलेली असते. काढायला जावं तर इजा तिथेच होते. डोकेदुखीचं कारणही बहुधा दुसरीकडेच असतं, ते शोधायचं राहून जाऊ नये. झटके येत असतील तर त्यांवर औषधं आहेत, मेंदूत पाणी साचलं तर त्याचा वेगळा इलाज आहे. तेव्हा न्यूरॉलॉजिस्टला दाखवायलाच हवं.

आणि ती फिल्म दुमडू नये, जपून ठेवावी. दहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली तर नवा डॉक्टर दोन्ही शेजारी धरून बघू शकेल.